शब्दांची भूल

'माणसाच्या डोक्यात दिवसाला ६० हजार विचार येतात, त्यातले ८० टक्के नकारात्मक असतात.' हा मजकूर मला गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. खाली मनावर ताबा मिळवून देणाऱ्या शिबिराची जाहिरात होतीच. या ६० हजारांचा माग काढायला गेलं की हाती काही लागत नाही, एक जण दुसऱ्याचा हवाला देतो आणि दुसरा तिसऱ्याचा. २०२० साली कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या जूली त्सेंग आणि जॉर्डन पॉपेंक यांनी मात्र एमआरआय यंत्रात झोपलेल्या माणसांच्या मेंदूतली हालचाल बघून मन एका विचारावरून दुसऱ्यावर कधी उडी मारतं, हे ओळखायची रीत काढली. मिनिटाला साधारण साडेसहा उड्या. जागेपणीच्या तासांनी गुणलं तर दिवसाला ६ हजारांच्या थोडं वर. हाही अंदाजच, पण निदान मोजून काढलेला.

खरं तर आकड्याचा इथे फारसा संबंधच नाही. 'मी फार विचार करतो' म्हणणाऱ्याच्या डोक्यात विचार जास्त नसतात, तेच ते असतात. आपण त्याला रवंथ म्हणतो, आणि मानसशास्त्रातली इंग्रजी संज्ञाही गाईगुरांच्या रवंथावरूनच आली आहे. फक्त गाय शेवटी गिळते.

आता मला ज्यात खरी गंमत वाटते त्याकडे येतो. रात्री नऊला साहेबांचा मेसेज येतो: 'उद्या सकाळी भेटा. बोलायचं आहे.' बस्स. मनात पाल चुकचुकते. का बोलावलं असेल? मागच्या अहवालात चूक होती का? त्या दिवशी मीटिंगमध्ये जरा जास्तच बोललो. कामावरून काढलं तर? हप्ते कसे भरायचे? या वयात दुसरीकडे कोण घेणार? रात्री दोनपर्यंत हे चऱ्हाट चालू. 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणतात ते उगाच नाही.

ही सगळी वाक्यं पुन्हा वाचा. यात एकही चित्र नाही. साहेबांचा चेहरा नाही, केबिन नाही, टेबलावरचा कागद नाही. आहेत ते नुसते शब्द. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांच्या हे लक्षात आलं: काळजी बहुतांशी शब्दांत चालते, दृश्यांत नाही. असं का, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. १९९० साली त्यांनी चारचौघांत भाषण करायला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. सगळ्यांनी आपण भाषणाला उभे आहोत असं दृश्य डोळ्यांसमोर आणायचं होतं. पण त्याआधी काहींनी मन सैल सोडायचं, काहींनी साधासुधा विचार करायचा आणि काहींनी काळजी करायची. अपेक्षा काय? काळजी करणाऱ्यांची धडधड सगळ्यांत जास्त असणार. झालं उलटं. दृश्य समोर आल्यावर त्यांच्याच हृदयाचे ठोके सगळ्यांत कमी वाढले.

म्हणजे शब्दांनी शरीराला भूल दिली! भीतीचं चित्र छातीत धडकी भरवतं, त्याच गोष्टीबद्दलचं वाक्य तेवढी भरवत नाही. म्हणून मन चित्राच्या उंबरठ्यापर्यंत जातं आणि तिथून दुसऱ्या वाक्यावर उडी मारतं. त्या उडीसरशी शरीराला किंचित उसंत मिळते, आणि ज्यातून उसंत मिळते ते मेंदू पुन्हा करतो. खाजवल्यावर बरं वाटतं म्हणून खाजवत राहावं, तसं. वर, ज्याची काळजी केली ते बहुतेक वेळा घडतच नाही. मग मन हिशेब मांडतं, 'काळजी केली म्हणून टळलं.' असं दुहेरी बक्षीस मिळाल्यावर सवय जाईल कशाला? आणि भीतीचं चित्र एकदाही पूर्ण न पाहिल्यामुळे ती भीती विरतही नाही.

पण त्या प्रयोगात एक कोडं होतं. ठोके कमी वाढले तरी काळजी करणाऱ्या गटाने 'भीती वाटली' असं साधासुधा विचार करणाऱ्यांपेक्षा जास्त सांगितलं होतं. ही कसली भूल? २०११ मध्ये मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा या मानसशास्त्रज्ञांनी गणित वेगळं मांडलं. त्यांच्या मते काळजी माणसाला बधिर करत नाही, आधीच खाली आणून बसवते. शरीर अगोदरच ताणलेलं असेल तर वाईट बातमी आल्यावर होणारी वाढ लहान दिसते. सपाटून पडायची भीती आहे ना, मग जमिनीवरच बसून राहा. यात टाळली जाते ती भावना नव्हे, चांगल्याकडून वाईटाकडे जाणारी अचानक घसरण. दोन्ही मतांचे लोक अजून वाद घालतात. पण काळजी म्हणजे कशाला तरी दिलेली बगल, यावर दोघांचंही एकमत आहे.

हे समजलं की थेरपी काय करते ते सोपं होतं. 'विचार थांबवा' असं चांगला थेरपिस्ट सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, आणि अस्वल येतच राहिलं. थेरपिस्ट उलट दिशेने जातो. 'काढून टाकलं तर?' या वाक्यापाशी तो थांबवतो. "डोळे मिटा. केबिनचं दार उघडलंत. साहेब कुठे बसलेत? हातात काय आहे? पहिलं वाक्य काय बोलतात?" आता मात्र धडधड वाढते, तळहात ओले होतात, आणि थेरपिस्टला तेच हवं असतं. त्या चित्रात पुरेसा वेळ थांबलं, पुन्हा पुन्हा थांबलं, की त्याची धार जाते.

दुसरा उपाय ऐकायला पोरकट वाटतो: काळजीला रोजची अर्ध्या तासाची वेळ ठरवून द्यायची. जागाही ठरलेली, पण अंथरूण नाही. दिवसभरात काळजी आली की एका शब्दात टिपायची आणि 'साडेपाचला भेटू' म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. हा बोर्कोवेक यांच्याच गटाने १९८३ मध्ये तपासलेला उपाय. मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स तोच वेगळ्या कारणासाठी वापरतात. 'विचार माझ्या ताब्यात नाहीत' असं ठामपणे म्हणणारा माणूस जेव्हा काळजी पाच तास पुढे ढकलून दाखवतो, तेव्हा त्याच्या समजुतीला आपोआप तडा जातो.

तिसरा उपाय एक्सेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स यांचा: 'का'च्या जागी 'कसं'. 'माझ्याच बाबतीत असं का होतं?' या प्रश्नाला तळ नसतो. 'उद्या दहा वाजता आत गेल्यावर पहिल्यांदा काय विचारू?' याला उत्तर असतं.

अशा थेरपीला साधारण १२ ते १५ बैठका लागतात, घरी सराव करावा लागतो आणि काहींना उपयोग होतही नाही. एका दिवसात 'अंतर्मन रिप्रोग्राम' करून देणारे, क्वांटम लहरीवाले आणि बोटात खडा घालायला सांगणारे यांच्यापाशी ही अडचण नसते, कारण तिथे झालं की नाही हे कुणी मोजतच नाही.

एक मात्र नीट वेगळं काढलं पाहिजे. विचार सुसाट धावतायत, दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे बेभान खर्च होतायत, असं असेल तर ती काळजी नसून बायपोलर आजारातला उन्माद असू शकतो. तिथे वही-पेन्सिल घेऊन बसू नये, मनोविकारतज्ज्ञाकडे जावं, औषध लागतं. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तरी मन असंच सैरभैर होऊ शकतं, तेव्हा रक्ततपासणीही करून घ्यावी.

वहीचा उल्लेख आलाच आहे. पेन स्टेटमध्येच लुकास लाफ्रेनियर आणि न्यूमन यांनी सततच्या काळजीचा विकार असलेल्या २९ जणांना आपली भाकितं लिहायला लावली आणि पुढे काय झालं तेही नोंदवायला सांगितलं. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला: ९१.४ टक्के भाकितं खोटी ठरली. ते वाचून मीही महिनाभर दोन रकाने आखून लिहिलं. साहेबांच्या मेसेजची ओळ त्यातलीच. डावीकडे लिहिलं होतं, 'नोकरी जाणार.' उजवीकडे दुसऱ्या दिवशीच्या तारखेने, 'पुढच्या महिन्यातल्या रजेच्या तारखा विचारल्या.' त्याखालच्या ओळीत मात्र डावीकडे 'अहवाल परत करायला लावतील' आणि उजवीकडे 'लावला. दोन तास गेले.'