ज्यांनी मारलं, त्यांनीच संत केलं: नॉर्वेचा राजा ओलाव

२९ जुलै १०३० रोजी स्टिकलेस्टाडच्या लढाईत ओलाव हाराल्डसन मारला गेला तेव्हा त्याच्यासाठी रडणारे फार नव्हते. अंगाने भरलेला म्हणून लोक त्याला ‘जाडा ओलाव’ म्हणत. १०१५ पासून त्याने नॉर्वेवर राज्य केलं, पण ख्रिस्ती धर्म पसरवताना तलवार सढळ हाताने वापरली आणि बड्या सरदारांचे पंख छाटले. डेन्मार्क-इंग्लंडचा राजा क्नूट याने पैसा ओतून हे नाराज सरदार फोडले. १०२८ मध्ये ओलावला रशियात पळावं लागलं. दोन वर्षांनी तो गादी परत मिळवायला आला, तेव्हा समोर उभी राहिलेली फौज नॉर्वेच्याच शेतकऱ्यांची आणि सरदारांची होती.

जेमतेम वर्षभरात तो संत झाला. ३ ऑगस्ट १०३१ रोजी त्याचा देह उकरून काढला गेला. तो न कुजलेला आहे, केस आणि नखं वाढली आहेत, असा निर्वाळा त्याचाच इंग्रज बिशप ग्रिमकेल याने दिला. रोमची परवानगी वगैरे भानगड तेव्हा नव्हती. स्थानिक बिशप आणि जनसभेचा होकार पुरेसा असे.

श्रद्धेचा वाटा होताच, पण मला मोठं कारण वाटतं ते डॅनिश राजवटीचं. क्नूटने आपला कोवळा मुलगा स्वेन आणि त्याची आई आल्फिवा यांना नॉर्वेवर बसवलं. नवे कर आले. एका डॅनिश माणसाची साक्ष दहा नॉर्वेजियनांना भारी, असा कायदाही आला, असं आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन सांगतो. स्नोरीने हे दोनशे वर्षांनी लिहिलं, त्यामुळे मीठमसाला गृहीत धरावा. पण देह उकरण्याचा त्याने रंगवलेला प्रसंग बहारीचा आहे. कोरड्या वाळूत प्रेत लवकर कुजत नाही, अशी शंका आल्फिवा काढते. बिशप केस कापून धूप घातलेल्या निखाऱ्यांवर ठेवतो, ते जळत नाहीत. धूप न घातलेल्या विस्तवावर ठेवा, असं ती म्हणते, तेव्हा आइनार हा सरदार तिला चार शब्द सुनावून गप्प बसवतो. हा आइनार क्नूटकडून मोठ्या पदाची आशा धरून होता आणि ते न मिळाल्याने बिथरला होता, हेही स्नोरीच सांगतो.

याहून भक्कम पुरावा एका कवितेचा. १०३२ च्या सुमारास थोरारिन या कवीने खुद्द स्वेनला सल्ला दिला: ओलावची प्रार्थना कर, तुझं राज्य त्याच्याकडून मागून घे. म्हणजे शत्रूच्या दरबारातही मेलेल्या राजाचं वजन मानलं जात होतं.

१०३५ च्या सुमारास आइनार आणि काल्फ आर्नेसन यांनी ओलावचा लहान मुलगा मॅग्नस याला रशियातून आणून गादीवर बसवलं. हा काल्फ स्टिकलेस्टाडला ओलावच्या विरुद्ध लढला होता!

पुढे थडग्याभोवती ट्रॉन्डहाइमचं निदारोस कॅथेड्रल उभं राहिलं. ११५२-५३ मध्ये तिथे आर्चबिशपचं पीठ आलं आणि उत्तर युरोपातून यात्रेकरूंची रीघ लागली. ओलाव हाच ‘नॉर्वेचा सार्वकालिक राजा’, बाकीचे त्याच्या वतीने राज्य करणारे, ही कल्पना चर्चने रुजवली. बापाकडून राजरक्त नसलेल्या मॅग्नस एर्लिंगसन या नंतरच्या राजाला ११६० च्या दशकात ती फारच सोयीची पडली. राजचिन्हातल्या सिंहाच्या पंजात आजही दिसते ती कुऱ्हाड ओलावचीच.

१५३७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने प्रोटेस्टंट पंथ लादला. ओलावचा देह ठेवलेली चांदीची पेटी कोपनहेगनला नेऊन वितळवण्यात आली. देह कॅथेड्रलमध्येच कुठेतरी पुरला गेला आणि त्याची नेमकी जागा विस्मरणात गेली. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रवादाने त्याला पुन्हा वर काढलं: १८४७ मध्ये त्याच्या नावाचा राजसन्मान सुरू झाला, १८६९ पासून कॅथेड्रलचा जीर्णोद्धार. दुसऱ्या महायुद्धात नाझीधार्जिण्या क्विस्लिंगच्या पक्षानेही स्टिकलेस्टाडला मेळावे भरवून त्याच्यावर हक्क सांगितला. १९५४ पासून तिथे जुलैअखेरीस त्या लढाईचं नाटक उघड्यावर होतं, आणि १९९७ मध्ये ट्रॉन्डहाइमकडे जाणारी जुनी यात्रावाटही पुन्हा खुली झाली.