वूड डकची ढोली आणि माणसाने लावलेली पेटी

वूड डक हे उत्तर अमेरिकेतलं बदक. खंडाचा पूर्व भाग आणि पॅसिफिक किनारा हा त्याचा मुलूख. नराचे हिरवे-जांभळे रंग पाहून छायाचित्रकार वेडे होतात, पण विणीचं सगळं गणित करड्या-तपकिरी मादीच्या हाती असतं. तिला झाडात ढोली हवी असते आणि स्वतः ती कोरता येत नाही. मग सुतार पक्ष्याने सोडलेलं बीळ किंवा फांदी मोडून कुजलेली पोकळी शोधावी लागते. (आपल्याकडची नकटा आणि काणूक ही बदकंही ढोलीतच अंडी घालतात.) निदान 30 सेंटिमीटर जाडीचा बुंधा, उंचावर भोक, जवळ पाणी आणि ढोलीचा तळ कोरडा, एवढं सगळं एकाच झाडात जमून यायला कित्येक दशकं जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुनी झाडं तुटली, दलदली बुजवल्या गेल्या आणि शिकारही बेसुमार झाली. अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानंतर शिकार थांबली आणि ती पुन्हा उघडायला 1941 उजाडलं. दरम्यान 1937 मध्ये इलिनॉय राज्यातल्या चॉटॉक्वा अभयारण्यात लाकडी पेट्या टांगून पाहिल्या गेल्या. मादीने त्या स्वीकारल्या आणि हा उपाय देशभर पसरला. पेटी ठोकणं सोपं आहे, बहुतेक चुका त्यानंतर होतात.

लाकूड रंधा न मारलेलं, खडबडीत घ्यावं. देवदार किंवा सायप्रस उत्तम. आतून रंग किंवा वाळवीरोधक लावू नये. तळ साधारण 25 बाय 25 सेंटिमीटर, उंची 60 च्या आसपास, तळाला पाणी निथळायला चार-पाच बारीक भोकं. दार लंबगोल असावं, 10 सेंटिमीटर रुंद आणि साडेसात उंच, तळापासून सुमारे दीड फूट वर. या आकारातून मादी आत जाते, पण पूर्ण वाढलेला रॅकून (झाडावर चढून अंडी-पिल्लं खाणारा तिकडचा सस्तन प्राणी) बाहेरच अडतो. गोल आणि मोठं भोक पाडलं की त्यालाच आमंत्रण.

दाराखाली आतल्या बाजूला बारीक जाळीची पट्टी ठोकावी किंवा करवतीने आडव्या खाचा पाडाव्यात. पिल्लांच्या नख्या तीक्ष्ण असतात, पण गुळगुळीत फळीवर त्या रुतत नाहीत, दारापर्यंत चढता येत नाही आणि अख्खी पिलावळ आतच मरते. हीच पट्टी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

वूड डक घरट्यासाठी काडीही आणत नाही. तळाशी 10 ते 15 सेंटिमीटर जाडीचा थर आपणच घालायचा, तोही रंध्यातून निघालेल्या सालपटांचा. करवतीचा भुसा नको, तो ओल धरून घट्ट बसतो. मादी रोज एक अंडं घालून सालपटांत झाकते, नंतर छातीची मऊ पिसं उपटून वर पसरते. दहा-बारा अंडी झाल्यावरच ती उबवायला बसते, म्हणून सगळी अंडी जवळजवळ एकदमच फुटतात. उबवणीला साधारण 30 दिवस लागतात.

पेटी झाडावर लावायचा मोह टाळावा. साप आणि रॅकून खोडावरून सहज चढतात. पाण्यात किंवा काठाशी रोवलेला लोखंडी खांब बरा. पेटीखाली 90 सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा शंकू बसवावा आणि रॅकूनला उडी मारता येईल अशा फांद्या छाटाव्यात. पुराच्या रेषेपेक्षा पेटी चार-पाच फूट उंच हवी.

मोठा घोटाळा होतो तो पेट्या एका ओळीत, उघड्यावर लावल्यावर. नैसर्गिक ढोल्या विखुरलेल्या आणि पानांआड असतात. इथे मात्र एक मादी आत शिरताना दुसरी पाहते, तिच्यामागे जाते आणि तिच्याच घरट्यात आपली अंडी टाकून निघते. मग एका पेटीत तीस-तीस अंडी साचतात. तेवढी सगळी एका अंगाखाली मावत नाहीत, बरीच वाया जातात आणि कधी मादी घरटंच सोडते. म्हणजे पेट्या भरलेल्या दिसतात आणि पिल्लं कमी निघतात. पाहणी करणाऱ्याने भरलेल्या पेट्या मोजून खूश होऊ नये. पेट्या एकमेकींच्या दृष्टीआड, झाडीत लपवून ठेवल्या की ही परकी अंडी कमी होतात.

हिवाळा संपता संपता दरवर्षी जुनी सालपटं काढून नवी भरावीत. स्टार्लिंगने (आपल्या भोरडीची नातलग) गवत कोंबलेलं असतं, तेही उपसावं.

अंडी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई खालून हाक देते आणि पिल्लं एकामागून एक उड्या टाकतात. ढोली 15 मीटर उंच असली तरी त्यांना सहसा इजा होत नाही. खरा धोका पुढे. बहुतेक पिल्लं मरतात ती पहिल्या दोन आठवड्यांत. त्यांना लागतं उथळ पाणी, त्यात उभी झुडपं आणि लव्हाळी, आडवे पडलेले ओंडके आणि भरपूर किडे. बीव्हरच्या (ओढ्यावर लाकडांचा बांध घालणारा प्राणी) बांधामागे तयार झालेल्या तळ्यांत हे सगळं आयतं मिळतं. काठ घासूनपुसून गवत कापलेल्या शोभेच्या तळ्यावर पेटी लावणं मात्र पिल्लांच्या जिवावर बेततं.