दीर्घकालीन इन्सुलिन आणि त्याचा सुरक्षित वापर

दीर्घकालीन इन्सुलिन म्हणजे त्वचेखाली टोचल्यावर संथपणे रक्तात उतरणारे आणि साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ प्रभाव टिकवणारे इन्सुलिन. डॉक्टर त्याला ‘बेसल’ म्हणतात. रुग्णांच्या बोलण्यात ते ‘चोवीस तासांचे’ किंवा ‘रात्रीचे’ इन्सुलिन असते. ग्लार्जिन, डेटेमिर आणि डेग्लुडेक हे त्याचे प्रमुख प्रकार. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळपास बनवतच नाही तेव्हा, त्याच्यावाचून जगता येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात गोळ्या आणि पथ्य पुरेनासे झाले की बहुतेकदा इन्सुलिनची सुरुवात याच प्रकाराने होते.

या इन्सुलिनचा जेवणाशी थेट संबंध नसतो. माणूस झोपलेला असो वा उपाशी, यकृत रक्तात साखर सोडतच राहते आणि ती आवरण्यासाठी निरोगी स्वादुपिंड दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन स्रवत असते. दीर्घकालीन इन्सुलिन नेमके हे काम करते. त्याचा हिशेब सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेवरून लावतात. लग्नात दोन पुरणपोळ्या जास्त झाल्या म्हणून रात्री चार युनिट वाढवणे किंवा आज जेवलो नाही म्हणून इंजेक्शनच टाळणे, या दोन्ही चुका हा फरक न कळल्यामुळे होतात. शिवाय टोचलेले इन्सुलिन परत काढता येत नाही. जेवणाआधी घ्यायच्या झटपट इन्सुलिनमधली चूक काही तासांत ओसरते, पण याची चूक दिवसभर आणि कधी दुसऱ्या दिवशीही अंगात राहते. म्हणून याची सारी काळजी सुई टोचण्याआधी घ्यायची असते.

पार्श्वभूमी

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लागला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्पसन या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. त्या काळच्या इन्सुलिनचा प्रभाव काही तासांतच संपत असल्याने दिवसातून अनेकदा टोचावे लागे. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये ट्राउट माशापासून मिळणारे प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनमध्ये मिसळून त्याचे शोषण लांबवले. त्याच वाटेने १९४६ मध्ये एनपीएच इन्सुलिन आले. दुधासारखे गढूळ दिसणारे हे इन्सुलिन आजही वापरात आहे, पण टोचल्यानंतर काही तासांनी त्याचा जोर एकदम वाढतो. रात्री घेतले तर हा जोर मध्यरात्रीनंतर, ऐन झोपेत येतो.

२००० साली आलेल्या ग्लार्जिनने ही अडचण बरीच कमी केली. बाटलीत ते आम्लधर्मी आणि पाण्यासारखे स्वच्छ असते. त्वचेखाली आम्लता नाहीशी होताच त्याचे अतिसूक्ष्म कण साचतात आणि त्यातून इन्सुलिन सावकाश सुटत राहते. डेटेमिर रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून टिकते. डेग्लुडेकच्या रेणूंच्या त्वचेखाली लांब साखळ्या तयार होतात आणि त्याचा प्रभाव ४२ तासांहून अधिक राहतो. ग्लार्जिन आम्लधर्मी असल्यामुळे ते दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये मिसळत नाहीत.

मापाचा घोटाळा

भारतातला सर्वांत मोठा धोका मापात आहे, आणि त्याबद्दल दवाखान्यात फार कमी बोलले जाते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० शक्तीच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेन (आकडा फिरवून डोस लावायची पेनासारखी उपकरणे) आणि त्यांची इन्सुलिन भरलेली काडतुसे सहसा १०० शक्तीची असतात. काही कंपन्यांच्या ग्लार्जिनच्या बाटल्याही १०० शक्तीच्या मिळतात. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या असतात : ४० शक्तीसाठी लाल टोपणाची आणि १०० शक्तीसाठी नारिंगी टोपणाची.

डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले आहेत असे समजू. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर द्रव भरतो. बाटली १०० शक्तीची असेल तर त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये २० नव्हे, ५० युनिट असतात. म्हणजे अडीचपट डोस, तोही पुढचे चोवीस तास काम करणारा. उलट चूक झाली, म्हणजे ४० शक्तीचे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर शरीरात फक्त ८ युनिट जातात. मग साखर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही आणि डोस वाढत जातो. पुढे कधीतरी योग्य सिरिंज हाती येते आणि तो वाढलेला डोस पूर्णपणे अंगात जातो. मेडिकलवाल्याकडून बाटली आणि सिरिंज घेताना दोन्हींवरचा आकडा एकच आहे ना, हे दरवेळी पाहावे. घरात दोन्ही प्रकारच्या सिरिंज ठेवूच नयेत. आजी-आजोबांना इंजेक्शन देणारी व्यक्ती बदलत असेल तर त्या घरात हे अधिकच आवश्यक.

पेनमुळे हा घोटाळा बराच टळतो, कारण खिडकीत दिसणारा आकडा हा थेट युनिटचा असतो. सुई संपली म्हणून पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढून घेणे मात्र अत्यंत धोक्याचे आहे. ग्लार्जिनचे ३०० शक्तीचे पेन असेल तर त्यातल्या एका मिलिलिटरमध्ये ३०० युनिट असतात.

दुसरी चूक होते ती पेनच्या अदलाबदलीची. जेवणाआधीचे झटपट इन्सुलिन आणि रात्रीचे ग्लार्जिन दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात. ग्लार्जिनचा मोठा डोस समजून झटपट इन्सुलिन टोचले गेले तर तासाभरात साखर खूप खाली येऊ शकते. असे घडल्यास लगेच काहीतरी गोड खावे, डॉक्टरांना फोन करावा आणि पुढचे काही तास साखर पुन्हा पुन्हा तपासावी. दोन पेन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि एकावर रबरबँड गुंडाळणे हा साधा उपाय अंधारात आणि कमी दिसणाऱ्यांनाही उपयोगी पडतो. पेन एकाच माणसाचे असते. नवी सुई लावली तरी ते दुसऱ्याला देऊ नये, कारण टोचताना काडतुसात रक्ताचा अंश येऊ शकतो.

डोस ठरवणे

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात प्रौढांची सुरुवात सहसा दिवसाला १० युनिट किंवा दर किलो वजनामागे ०.१ ते ०.२ युनिट अशी करतात. नंतर उपाशीपोटीची साखर पाहून दर तीन दिवसांनी साधारण दोन युनिट वाढवतात. अनेकांसाठी दर डेसिलिटरला ८० ते १३० मिलिग्रॅम हे उद्दिष्ट असते. वृद्धांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते अधिक सैल ठेवतात. डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून एका सकाळच्या आकड्यावरून रोज डोस हलवू नये. साखर घसरली तर मात्र वाट पाहायची नसते. डॉक्टर डोस बहुधा १० ते २० टक्क्यांनी कमी करतात.

डोस दर किलोमागे ०.५ युनिटच्या पुढे गेला आणि सकाळची साखर ठीक असूनही जेवणानंतरची चढतच राहिली, तर हेच इन्सुलिन वाढवत नेणे चूक ठरते. तिथे उणीव जेवणाच्या वेळच्या उपचाराची असते. डोस प्रमाणाबाहेर गेल्याची आणखी एक खूण म्हणजे झोपतानाची साखर २०० आणि सकाळची ९०, अशी रात्रीतली मोठी घसरण. फक्त बेसलवर असलेल्या रुग्णाचे एक जेवण लांबले आणि तेवढ्याने साखर कोसळली, तर डोस जास्त झाला आहे असे मानून डॉक्टरांना भेटावे.

एनपीएच दिवसातून दोनदा घेणाऱ्याला एकदाच्या ग्लार्जिनवर आणताना, किंवा ३०० शक्तीच्या ग्लार्जिनवरून १०० शक्तीच्या ग्लार्जिनवर आणताना, एकूण डोस सुमारे २० टक्क्यांनी कमी करतात. दुकानात नेहमीचे इन्सुलिन नाही म्हणून ‘तसलेच दुसरे’ घेऊ नये, ते याच कारणाने. एखादे इंजेक्शन चुकले तर पुढच्या वेळी दुप्पट घेणे धोक्याचे असते.

साखर कमी होणे

रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे ही इशाऱ्याची पातळी. ५४ च्या खाली मेंदूला साखर अपुरी पडू लागते. दरदरून घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड आणि असंबद्ध बोलणे ही साखर घसरल्याची लक्षणे. रात्री ती वाईट स्वप्ने, घामाने भिजलेले अंथरूण आणि सकाळची डोकेदुखी या रूपांत दिसतात. अनेक वर्षे मधुमेह असणाऱ्यांना लक्षणे जाणवेनाशी होतात. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठीच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो.

अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावी. पेढा किंवा चॉकलेट यात कमी पडते, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा शोषली जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ही औषधे आतड्यात तिचे विघटनच अडवतात. त्यांनी ग्लुकोज पावडर जवळ ठेवावी. व्होग्लिबोज आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाते, म्हणून घरच्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवणे गरजेचे आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे.

साखर एकदा वर आली की धोका टळला असे या इन्सुलिनच्या बाबतीत धरता येत नाही. ते अजून काम करत असते. त्यानंतर पोळी-भातासारखे काही खाऊन पुढचे कित्येक तास तपासत राहावे लागते. ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी सोबत असेल किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल, तर साखर पुन्हा घसरण्याची भीती जास्त असते. मूत्रपिंड बिघडत जाते तसे इन्सुलिन शरीरात अधिक वेळ रेंगाळते आणि जुना डोसच भारी पडू लागतो.

टोचणे आणि साठवण

पोट, मांडीचा बाहेरचा भाग, नितंब आणि दंडाची मागची बाजू या जागा योग्य. बहुतेक प्रौढांना ४ मिलिमीटरची सुई पुरते. पेनमधून आधी दोन युनिट हवेत सोडून (३०० शक्तीच्या पेनात तीन) थेंब येतो का ते पाहावे आणि टोचल्यावर दहापर्यंत मोजून सुई काढावी. एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे चरबीच्या मऊ गाठी होतात. दुखत नाही म्हणून लोक त्याच जागी टोचतात, पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. अशा गाठींची सवय असलेल्याने निरोगी जागा निवडली की तोच डोस अचानक जास्त पडू शकतो, म्हणून जागा बदलताना डॉक्टरांशी बोलून साखर वरचेवर तपासावी.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही टाकून द्यावे. वापरातले १०० शक्तीचे ग्लार्जिन ३० अंशांखाली २८ दिवस चालते, डेग्लुडेक ५६ दिवस. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि वीजही जाते. फ्रीज नसलेल्या घरी एकात एक ठेवलेले दोन माठ आणि मधल्या फटीत ओली वाळू ही सोय कामी येते. बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत पेन विसरले तर ते वापरू नये.

उपास, आजारपण, वारी

एकादशीला साबुदाणा, बटाटा आणि रताळी खाल्ली तर साखर उलट चढते. निर्जळी उपासात ती घसरू शकते. दोन्हींसाठी एकच सल्ला चालत नाही, म्हणून उपासाचे स्वरूप डॉक्टरांना आधी सांगावे. रमजानच्या रोज्यांतही बेसलचा डोस आणि वेळ आधीच ठरवून घेतात. आषाढी वारीत रोज मैलोन्‌मैल चालल्याने स्नायू जास्त साखर वापरतात, आणि हा परिणाम मुक्कामाच्या रात्रीही टिकतो. डोस निघण्यापूर्वी ठरवून घ्यावा. ग्लुकोज पावडर, ग्लुकोमीटर आणि ओल्या कापडाची थंड पिशवी सोबत हवीच.

ताप-उलटीत जेवण जात नसले तरी पहिल्या प्रकारच्या रुग्णाने हे इन्सुलिन बंद करू नये. ते थांबले की चरबी जळून तयार होणारे कीटोन हे आम्लधर्मी पदार्थ शरीरात साचून काही तासांत जीव धोक्यात येतो. ‘पोटात काही नाही, मग इन्सुलिन कशाला’ असे म्हणून मुलांचे इंजेक्शन थांबवले जाते, तेव्हा सर्वांत गंभीर प्रसंग ओढवतात.

उपलब्धता

२००९ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने आणि मुंबईच्या वोक्हार्टने स्वतःचे ग्लार्जिन भारतीय बाजारात आणले. वोक्हार्टचा इन्सुलिनचा कारखाना छत्रपती संभाजीनगर येथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दीर्घकालीन इन्सुलिनचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, आणि भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिन आले. देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या लोकांसाठी किमतीइतकेच महत्त्व टोचायला शिकवणाऱ्या परिचारिकेला आहे, आणि सरकारी दवाखान्यांत तिच्यासाठी वेळ राखून ठेवला पाहिजे.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या आयकोडेक या इन्सुलिनला २०२४ मध्ये युरोपीय संघाने मान्यता दिली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने ती रोखली. पहिल्या प्रकारच्या रुग्णांत साखर कमी होण्याचे प्रमाण त्याने वाढलेले आढळले होते. त्याचे पेन ७०० शक्तीचे असून एका इंजेक्शनमध्ये सात दिवसांचा डोस असतो. सवयीने ते दुसऱ्या दिवशीही घेतले गेले, तर तो जादा डोस आठवडाभर सांभाळावा लागतो.