बारीक नळी जास्त पाणी खेचते? नाही हो!

शाळेपासून ऐकत आलोय की केशनलिका (केसासारखी बारीक नळी) जितकी बारीक तितकं ती जास्त पाणी वर खेचते. यातलं 'जास्त' हे फक्त उंचीपुरतं खरंय, व्हॉल्यूम बघितलं तर गणित चक्क उलटं होतं.

काचेच्या 1 मिमी त्रिज्येच्या नळीत पाणी साधारण 15 मिमी चढतं आणि 0.1 मिमीच्या नळीत 150 मिमीच्या आसपास, म्हणजे उंची दहापट, पण नळीचं क्षेत्रफळ शंभरपट कमी झालेलं असतं ना, त्यामुळे पहिलीत सुमारे 47 घन मिमी पाणी आणि दुसरीत जेमतेम 4.7! कारण सोपं आहे, पाण्याचं वजन पेलतो तो काचेला चिकटलेला पाण्याच्या पृष्ठभागाचा काठ, आणि काठाचा घेर त्रिज्येच्याच प्रमाणात घटतो.

पण हा हिशोब सरळ नळीचाच हं. इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स ज्युरिनने 1718 मध्येच दाखवलं होतं की खाली रुंद नि वर केशनलिका असलेलं भांडं (उलटं नरसाळंच म्हणा) एकदा भरून ठेवलं की पाणी त्या बारीक नळीच्याच उंचीपर्यंत टिकून राहतं, मग खाली व्हॉल्यूम कितीही असो. मात्र रुंद भागातून ते आपणहून तेवढं चढत नाही, भरावं लागतं.