दुर्गादेवीचा दुष्काळ

चौदाव्या शतकाच्या अखेरीस व पंधराव्याच्या आरंभी दख्खनमध्ये, विशेषतः गोदावरी-कृष्णा यांच्या दरम्यानच्या मुलखात पडलेला दुष्काळ. धान्य संपले की राजसत्ताही टिकत नाही, याचा मध्ययुगीन महाराष्ट्रातील हा बहुधा सर्वांत ठळक दाखला होय.

परंपरेनुसार हा दुष्काळ १३९६ मध्ये सुरू होऊन बारा वर्षे टिकला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज लेखक ग्रँट डफ याने ही परंपरा नोंदविली आणि नंतरच्या बहुतेक लेखकांनी ती तशीच स्वीकारली. फार्सी इतिहासकार फिरिश्ता मात्र दुसरा मुहम्मदशाह बहमनी (कार. १३७८–९७) याच्या काळातील टंचाईचे वर्णन करतो. माळवा व गुजरातेतून धान्य आणण्यासाठी सुलतानाने दहा हजार बैल लावले व ते धान्य स्वस्त दराने विकविले, असे तो सांगतो. हा लाभ मुसलमान प्रजेपुरताच होता, असे काही अभ्यासक मानतात. ही टंचाई सामान्यतः १३८७–९५ या काळातील समजली जाते. ती आणि दुर्गादेवीचा दुष्काळ एकच की वेगळे, याबद्दल एकवाक्यता नाही. बारा वर्षांचे सलग अवर्षण संभवनीय वाटत नाही. बहमनी सुलतान फिरोजशाह (कार. १३९७–१४२२) याच काळात विजयनगरवर स्वाऱ्या करीत होता, आणि ओस मुलखातून फौजेला रसद मिळणे अवघड. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या अहमदशाहाच्या आरंभीच्या वर्षांतही पाऊस हुकल्याची नोंद आहे. तेव्हा लागोपाठच्या अनेक टंचाईवर्षांची स्मृती एकाच नावाखाली एकवटली असावी, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

परिणामांविषयी फारसा मतभेद नाही. गावे ओस पडली. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ या मुलखातून वसूल नाममात्रच येत राहिला. डोंगरी किल्ले बहमनींच्या हातून निसटून पाळेगार (स्थानिक सत्ताधारी) व पुंडांकडे गेले, आणि परतलेल्या कुणब्यांना त्यांनी गावांतून हुसकले. १४२९ च्या सुमारास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याला बंदोबस्तासाठी पाठविण्यात आले. वसाहतीचे काम दादो नरसो काळे व दरबारातील एक तुर्की खोजा (नपुंसक सेवक) यांच्याकडे होते. गावांच्या जुन्या शिवा (हद्दी) कोणाला आठवेनात, म्हणून दोन-तीन गावांचे मिळून एक गाव केले गेले. कसणाऱ्यास पहिल्या वर्षी सारा माफ होता. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर (घोड्याच्या चंदीची पिशवीभर) धान्य घेत. नंतरच्या इस्ताव्याशी (दरवर्षी क्रमाने वाढणाऱ्या साऱ्याशी) या पद्धतीचे साम्य उघड आहे.

मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दामाजीपंतांनी लुटविली ती याच दुष्काळात, अशी लोकसमजूत आढळते. पण त्या कथेतील बादशहा बेदरचा (बिदरचा) आहे, आणि बेदर राजधानी झाले ते अहमदशाहाच्या कारकीर्दीत. दामाजीपंतांचा दुष्काळ सामान्यतः १४६० च्या सुमारास धरतात.