गोळीमागे दडलेला क्रमांक

क्षयरोगाचा रुग्ण औषध मध्येच सोडतो तेव्हा ‘निष्काळजी’ हा शेरा ठरलेला असतो. रोगाची चाल पाहिली तर हा शेरा अन्यायाचा वाटतो. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने चालतो: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे, आणि पुढचे चार महिने त्यांपैकी कमी. भराभर वाढणारे बहुतेक जिवाणू सुरुवातीच्या आठवड्यांतच मरतात, ताप उतरतो, भूक लागते, वजन भरू लागते. परंतु वाढ जवळजवळ थांबवून दबा धरून बसलेले थोडे जिवाणू उरतात आणि पुढचे सगळे महिने त्यांच्यासाठीच खर्ची पडतात. म्हणजे औषधाचा गुण आधीच पदरात पडलेला असतो, आणि मळमळ व गोळ्यांचा कंटाळा मात्र शेवटपर्यंत सोबत करतो.

ही अडचण जुनीच आहे. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने घरी राहून घेतलेले औषधोपचार आरोग्यधामातल्या उपचारांइतकेच उपयोगी पडतात हे दाखवले, पण घरी गोळ्या नियमित घेतल्या जात नाहीत हेही तिथल्या संशोधकांच्या लक्षात आले. त्यातून पुढे ‘डॉट्स’ पद्धत आली: कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळायची. मात्र त्यासाठी तेव्हा आठवड्यातून तीनदा केंद्रावर जावे लागे, त्या वेळची मजुरी बुडे आणि शेजाऱ्यांच्या नजराही सोसाव्या लागत. दिल्लीच्या ‘ऑपरेशन आशा’ या संस्थेत बोटाच्या ठशाने हजेरी नोंदवण्याची सोय झाली. तिने नोंदी पक्क्या झाल्या, पण रुग्णाची पायपीट चुकली नाही.

बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामधील बिल थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास ‘९९ डॉट्स’ ही पद्धत आखली. ‘पोहोचलास की मिस्ड कॉल दे’ हे वाक्य ज्या देशात घरोघरी ऐकू येते, तिथेच ती सुचावी यात नवल नाही. गोळ्यांच्या पट्टीभोवती कागदी वेष्टन चिकटवलेले असते. गोळी दाबून बाहेर काढली की मागचा कागद फाटतो आणि त्याखाली दडलेला टोल-फ्री क्रमांक दिसतो. रुग्णाने त्या क्रमांकावर फोन लावायचा. पैसे पडत नाहीत, काही टंकावे लागत नाही, स्मार्टफोनही लागत नाही.

यातली गंमत मला फार आवडते, म्हणून थोडे खोलात जातो. फोन कोणाचा हे कॉलर आयडीवरून कळते, कारण रुग्णाचा क्रमांक आधीच नोंदवलेला असतो. कोणत्या गोळीमागे कोणता क्रमांक आहे हे संगणकाला ठाऊक असते, रुग्णाला नसते. समजा, शंभर वेगवेगळे क्रमांक वापरले आहेत. एका दिवसाचा क्रमांक अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक. सलग पाच दिवसांचे क्रमांक बरोबर येण्याची शक्यता शंभराच्या पाचव्या घातात एक, म्हणजे एक हजार कोटींत एक. माहितीशास्त्राच्या भाषेत, एका कॉलमधून साडेसहा बिटांहून (एक बिट म्हणजे एका हो-नाही प्रश्नाचे उत्तर) थोडी अधिक माहिती मिळते, आणि तीही संभाषणाचा एक शब्द न बोलता. संदेशाचा सगळा मजकूर कोणी कोणाला फोन लावला एवढ्यातच सामावलेला असतो. दोन-तीन दिवस फोन आला नाही की रुग्णाचे नाव कर्मचाऱ्याच्या यादीत वर येते, आणि त्याची पायपीट गरज असेल त्याच घराकडे वळते.

तरीही ही यंत्रणा पट्टी फुटल्याची साक्ष देते, गोळी पोटात गेल्याची नव्हे. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतील रुग्णांच्या लघवीत आयसोनियाझिडचा अंश तपासून या नोंदी पडताळल्या, तेव्हा त्यांची अचूकता अपेक्षेपेक्षा कमी भरली. काहींनी गोळी घेऊन फोन केला नव्हता, तर काहींचा फोन येऊनही लघवीत औषध सापडले नाही. कारणे मात्र रुग्णांशी बोलल्यावर कळली: घरात एकच फोन आणि तो कामावर गेलेल्याच्या खिशात, रेंजची बोंब, अंक वाचता न येणे, रोज फोन करण्याचा कंटाळा. ‘एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, आली की रुग्ण औषध मध्येच सोडणार नाहीत’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी या यादीतल्या किती अडचणी एआय सोडवू शकते ते तपासून पाहावे.

केनियात नैरोबी परिसरात झालेला ‘केहिआला’ या मोबाइल सेवेचा प्रयोग याबाबत बोलका आहे. तिथे रुग्णाने गोळी घेतल्याचे साध्या मोबाइलवरून स्वतःच कळवायचे होते, पडताळणीची कोणतीही क्लृप्ती नव्हती. आठवण करूनही उत्तर आले नाही, तर माणूस संपर्क साधत असे. उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण नेहमीच्या गटात १३.१ टक्के, तर या गटात ४.२ टक्के निघाले, आणि हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

रुग्णांशी बोलल्यावर आणखी एक गोष्ट पुढे येते. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते; आधी सांगितले नसेल तर रुग्ण ते रक्त समजतो, किंवा ‘गोळ्या उष्ण पडल्या’ असे ठरवून थंडावा शोधू लागतो. पहिल्या दिवशीच ‘उद्या लघवी नारिंगी दिसेल, ते औषधाचे लक्षण आहे’ असे सांगितले, तर ज्या रंगाने रुग्ण घाबरला असता तोच औषध अंगात गेल्याची खूण ठरतो, आणि ती पाहायला त्याला फोनही लागत नाही.