ग्रेट ऑर्म : चराईच्या वादाची पार्श्वभूमी

उत्तर वेल्समध्ये लॅन्डुडनो शहराला लागून समुद्रात शिरलेली ग्रेट ऑर्म ही चुनखडकाची टेकडी 207 मीटर उंच आहे. कांस्ययुगातल्या तांब्याच्या खाणीमुळे आणि 1902 च्या ट्रामवेमुळे ती पर्यटकांना ठाऊक असते. जाणकारांचा वाद मात्र चराईवर आहे : इथे कोणती जनावरे आणि किती चरावीत. तोच महत्त्वाचा.

इथली माती अगदी पातळ. गवत आखूड राहिले तर ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि रॉकरोझसारखी बुटकी फुलझाडे टिकतात. 'सिल्व्हर-स्टडेड ब्लू' फुलपाखराच्या अळ्या याच झाडांवर वाढतात. मुंग्या या अळ्यांची राखण करतात. चराई थांबली की गॉर्सची काटेरी झुडपे पसरतात. अती झाली, तर बी धरण्याआधीच फुले खाल्ली जातात. खत घातले, तर जोमदार गवत बाकीच्यांना दाबून टाकते.

म्हणून 2015 चा निर्णय मोठा. माथ्यावरची 145 एकरांची शेती एका संवर्धन संस्थेने 10 लाख पौंडांना घेतली आणि एका मेंढपाळाला वर्षाला 1 पौंड खंडाने कसायला दिली. फुकटात शेत दिले, असे वाटू शकते. पण खरा मोबदला अटींमध्ये होता : हा माळ जपत मेंढ्या चारायच्या. मेंढ्या मोकळ्या सोडल्या की चांगल्या कुरणावरच रेंगाळतात आणि चराईची गरज असलेला माळ तसाच राहतो. म्हणून त्यांना रोज हाकून ठरल्या जागी न्यावे लागते. बाजारभावाने खंड भरणाऱ्याला एवढी मजुरी परवडली नसती. त्याने मेंढ्या वाढवल्या असत्या.

मग मेंढ्या कशाला, चरायला इथल्या काश्मिरी बकऱ्या आहेतच की, असे कुणी म्हणेल. व्हिक्टोरियन काळात शाही कळपातून आलेल्या या बकऱ्या आता रानटी झाल्या आहेत. त्या झुडपे खातात, कड्यांवर चढतात, पण त्यांना हाकता येत नाही. संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी गर्भनिरोधक इंजेक्शने देतात. कोविडमध्ये ते काम अडले. मार्च 2020 मध्ये बकऱ्या सामसूम लॅन्डुडनोत उतरून बागांच्या कुंपणाची झुडपे खात सुटल्या, त्याची छायाचित्रे जगभर गेली.

शिवाय जगात फक्त याच टेकडीवर रानात उगवणारे एक कोटोनिॲस्टर आहे. 1783 मध्ये सापडलेल्या या झुडपाची 1970 च्या दशकात अवघी 6 रोपे उरली होती. त्याचे कोवळे शेंडे मेंढ्या आणि बकऱ्या दोघींनाही आवडतात. त्यामुळे नव्याने लावलेल्या रोपांचे दोघींपासूनही रक्षण करावे लागते.